पेटीवाल्या सरांची मेट्रो

पेटीवाल्या सरांना ‘सांभाळून’ हा शब्द खपत नसे. सेलूच्या बाजारात कुणी काळजीपोटी ‘सर, सांभाळून’ म्हणालं, की ते जागीच थांबत आणि आवाज आणखी खाली आणून म्हणत, “सांभाळाचं माह्यावर सोडा. तुम्ही फक्त बाजूले व्हा.” म्हणणारा ओशाळून बाजूला होई. लहानपणी गोवराच्या तापात सरांची दृष्टी गेली होती. आमच्या शाळेत ते संगीत शिकवत, रविवारी बुद्धविहारात पेटी वाजवत, आणि एखाद्या भजनी मंडळाचा पेटीवाला आजारी पडला तर तिथेही जाऊन बसत. सूर चुकलेला त्यांना चाले, कीव केलेली चालत नसे.

हा सगळा ताठा ज्यांच्या जिवावर चाले त्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू. सरांची दोन बोटं कायम काकूंच्या कोपरावर. शाळेत सोडायला काकू, न्यायलाही काकू. वाटेत त्या फारशा बोलत नसत. खड्डा आला की कोपर जरासं वर उचलत, गाय आडवी आली की सरांना हलकेच जवळ ओढत. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंचं माहेर समुद्रपूरला, पण तिथे त्या मुक्कामाला कधी राहिल्याचं कुणाला आठवत नाही. मी गाणं शिकायला त्यांच्या घरी जाई, तेव्हा एकदा त्या स्वयंपाकघरात गुडघे दाबत बसलेल्या दिसल्या. डॉक्टरला दाखवा ना, म्हटलं, तर म्हणाल्या, “मी लंगडली त हे कसे चालतीन, बेटा?”

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. सर निवृत्त झाले. एकदा पेटीचे सूर बिघडले म्हणून दोघं ती दुरुस्तीला घेऊन माझ्याकडे आले. काम झाल्यावर मी सहज म्हटलं, चला, मेट्रो दाखवते. सरकता जिना पाहून काकूंनी खालीच बसकण मारली. सर मात्र माझ्याबरोबर वर आले. फलाटावर पाऊल टाकताच ते थबकले. बुटाने जमीन चाचपली. तिथे अंधांसाठी उंचवट्यांच्या फरशांची पट्टी असते. काय आहे ते मी सांगितलं. ते त्या पट्टीवरून फलाटाच्या टोकापर्यंत एकटे गेले आणि एकटेच परत आले.

“हे माह्यासाठी केलं?”

“तुमच्यासारख्यांसाठी, सर.”

“म्हंजे माह्यासाठीच,” ते म्हणाले.

त्यानंतर ते दर शनिवारी नागपूरला यायला लागले. काकू सेलूच्या स्टॅंडवर त्यांना एसटीत बसवत. वर्धा रोडवर मेट्रोचं स्टेशन लागलं की कंडक्टर उतरवून देई. तिथून पुढे सर आणि त्यांची पांढरी काठी. शहरात त्यांचं काहीच काम नसे. या टोकाहून त्या टोकाला जायचं, मध्ये गाडी बदलायची, चहा प्यायचा, परत फिरायचं. म्हातारपणी हे काय खूळ, असं गावातले लोक म्हणत. सरांना डब्यातल्या उद्घोषणेचं फार कौतुक. तो आवाज त्यांच्या लेखी ‘ती पोरगी’. ती पोरगी उतरताना लक्ष द्या म्हणून बजावते, ते कसं चालतं तुम्हाला, असं मी चेष्टेने विचारलं. सर म्हणाले, “ती सगळ्यांले सांगते. मले एकट्याले नाई सांगत.”

त्या शनिवारांना घरी काकू काय करत असतील, हा प्रश्न मला उशिराच पडला. फोन केला तर म्हणाल्या, सुरुवातीला दुपारी छान झोप लागली, लग्नानंतर पहिल्यांदाच. पण आता लागत नाही. एसटी यायच्या कितीतरी आधी त्या स्टॅंडवर जाऊन बसतात. सरांना सांगा ना तसं, म्हटलं तर म्हणाल्या, नको, त्यांना बरं वाटतंय तर जाऊ दे.

आणि सर तिकडे डब्यात शेजारच्या प्रवाशांना विचारत असत, आता बाहेर काय दिसतं? डावीकडे काय, उजवीकडे काय? हे सगळं ते काकूंसाठी गोळा करत होते. एकदा तिला घेऊन यायचंच, असं ते मला प्रत्येक भेटीत सांगत. काकू टाळत होत्या. कधी गुडघे, कधी वाळवण, कधी भाचीचं लग्न. सरांनी लिफ्ट असते म्हटलं, तर डब्ब्यात जीव कोंडतो म्हणाल्या. शेवटी एका हिवाळ्यात त्या तयार झाल्या. नवी साडी नेसून आल्या. मीही बरोबर होते.

लिफ्टपाशी सरांनी आपलं कोपर पुढे केलं. “धर,” म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, लाजल्या, आणि धरलं. दोघांना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटली, रस्ता खाली खाली जायला लागला, आणि काकूंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही हातांनी सरांचा हात घट्ट पकडला. सरांना बोलायचा कोण उत्साह चढला होता. आता विमानतळ येईल, आता पूल येईल, आता तलाव. दर वेळी विचारत, दिसलं का? काकू मिटल्या डोळ्यांनी म्हणत, हो, दिसलं. शेवटच्या स्टेशनापर्यंत असंच चाललं. उतरल्यावर नळावर तोंड धुता धुता त्या मला हळूच म्हणाल्या, “याईले नको सांगजो. मले उंचावर भेव वाटते. पण किती खुश होते नं आज?”

मी सांगितलं नाही. उन्हाळा लागायच्या आत काकू गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच कोसळल्या. डॉक्टरकडे न्यायलाही वेळ मिळाला नाही. सेलूचं घर बंद करून काकूंच्या भाच्याने सरांना समुद्रपूरला नेलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. पेटी शेजारी होती, पण भाता बांधलेलाच. मी म्हटलं, सर, एखाद्या शनिवारी या, मी न्यायला येते.

“त्या दिवशी तिनं डोळे मिटले होते,” ते म्हणाले. “माहीत आहे मले.”

मी चमकले. तुम्हाला कसं कळलं, विचारलं.

“तलाव गेल्यावर मी उगाच म्हटलं, आता मोठं देऊळ दिसन. तिथं देऊळबिऊळ काई नाई. ती म्हणे, दिसलं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

सरांनी खाटेची सुंभाची दोरी बोटांनी चाचपली. “काऊन की मले बरं वाटलं, बेटा. साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा ती माह्या भरोशावर बसली होती. तिले भेव लागून राह्यलं होतं, माहा हात सोडत नव्हती ती, अन् मी आपला दाखवूनच राह्यलो.” मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “पुढच्याच ठेशनावर उतराले पाह्यजे होतं.”

भाच्याच्या बायकोने चहा आणला, तो आम्ही प्यायलो. नंतर मी आणखी काही वेळा बोलावलं. सर नागपूरला पुन्हा आले नाहीत. गेल्या वर्षी तेही गेले.