छत्तीसचे बहात्तर

खेडच्या स्थळाला आम्ही ताईचा जो फोटो पाठवला, त्यात ताईशेजारी एक परपुरुष उभा होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बोटीवर नोकरीला असलेला आमचा मामा सुट्टीवर रत्नागिरीजवळ आमच्या गावी आला, तो सिंगापूरच्या जुन्या बाजारातून एक कॅमेरा घेऊनच. आकाराने साबणाच्या वडीएवढा, वजनाला मात्र वरवंटा! भिंगाभोवती फिरणारं कडं आणि कड्यावर तीन चित्रं: एक डोकं, तीन डोकी आणि डोंगर. माणूस जवळ असेल तर एक डोकं, घोळका असेल तर तीन, लांबचं काही असेल तर डोंगर. (शेजारच्या जनीकाकूंसाठी मी डोंगर लावला. कारण सांगितलं नाही.)

उजेड कमी पडला की बघायच्या खिडकीत खालून लाल जीभ वर यायची आणि बटण दाबलंच जायचं नाही. आमच्या काळोख्या माजघरात ती जीभ कायमचीच बाहेर!

"मेला वेडावतोय मला!" खिडकीला डोळा लावून आई म्हणाली. तिने परत कॅमेऱ्याला हात म्हणून लावला नाही.

पण खरी करामत वेगळीच होती. छत्तीसच्या रोलात हा पठ्ठ्या बहात्तर फोटो काढायचा! एका फोटोच्या जागेत दोन, शेजारी शेजारी, उभे. हे ऐकलं आणि प्राथमिक शाळेत मास्तर असलेले आमचे आप्पा खुर्चीतून उठलेच.

"दुप्पट? मग ताईच्या फोटोला स्टुडिओत कशाला जायचं?"

खेडचं स्थळ फार चांगलं होतं. मुलगा हायस्कुलात मास्तर, घरचं भात, आंब्याची कलमं. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे ताई वरून हसत असली तरी आतून धास्तावलेली. मुलाकडच्यांनी फोटो मागवला होता. मी नुकताच बीकॉम होऊन घरी बसलेला, म्हणजे फोटोग्राफर व्हायला अगदी लायक.

पडवीच्या खांबाला टेकवून ताईला उभी केली. एक डोकं लावलं.

"जरा लाजून बाजूला बघ."

"कुणाकडे बघू? तिकडे म्हैस आहे."

"म्हशीकडे बघ, पण लाज!"

ताईला हसू फुटलं आणि मी बटण दाबलं. एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण मामाने कॅमेऱ्याबरोबर गॉगलही आणला होता. मी तो चढवला, फुलाफुलांचा शर्ट घातला, त्याच खांबावर ऐटीत हात लांब केला आणि म्हटलं, "गो ताई, आता माझा एक काढ."

उरलेला रोल संपवता संपवता मात्र घाम फुटला. बहात्तर फोटो म्हणजे काय थट्टा आहे? घरचे संपले, वाडी संपली, दोन्ही बैल झाले, फणस झाले. मासे विकायला आलेली बाई टोपली खाली ठेवून म्हणाली, "माझा काढ, तरच आज बांगडं देईन." अकराव्या दिवशी रोल संपला. तो शहरातल्या स्टुडिओत धुवायला दिला आणि चार दिवसांनी आप्पांनी मुलाकडच्यांना लिहिलेलं पत्र खिशात घालून फोटो आणायला गेलो.

स्टुडिओवाल्याने असला रोल जन्मात पाहिला नव्हता. त्याने सरळ दोन दोन फोटो एकाच कागदावर छापले होते. एकावर डावीकडे ताई, उजवीकडे मी, मध्ये बारीक काळी रेघ.

"कापून देऊ?" त्याने कात्री उचलली.

मी फोटोकडे बघितलं. ताई सुरेख आली होती. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा! मुलाकडच्यांना कळू दे की, मुलीचा भाऊ काय चीज आहे, असा विचार माझ्या मनात आला.

"नको, तसाच राहू दे," मी म्हटलं आणि पत्राबरोबर फोटो पाकिटात घालून टपालात टाकला. पत्राचा शेवट आप्पांनी असा केला होता: 'आमच्याकडे लपवाछपवी नाही. फोटोत दिसते तसेच सर्व आहे.'

आठ दिवसांनी भर दुपारच्या एस.टी.ने मुलगा, त्याचे आईवडील आणि काका न कळवता दारात. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नंतर," मुलाचे वडील म्हणाले. "आधी हा इसम कोण ते सांगा."

आप्पांनी फोटो घेतला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. खांबावर टाकलेला माझा हात रेघेपाशी संपत होता आणि बरोब्बर तिथेच ताईचा खांदा सुरू होत होता. वर ताई लाजून माझ्याकडेच बघत होती!

"हा... आमचा चिरंजीव."

"भाऊ असा खांद्यावर हात टाकतो? आणि बहीण अशी लाजते?"

"ती म्हशीकडे बघून लाजलीय हो!" आई कळवळून म्हणाली. याने प्रकरण आणखीच बिघडलं.

मी तेव्हा मागे गोठा साफ करत होतो. ताई धावत आली. डोळ्यांत पाणी.

"मेल्या, हे लग्न मोडलं ना, तर जन्मभर तुझ्या मानगुटीवर बसेन!"

तिचं रडू बघून मी हातातला खराटा टाकला. तसाच, अर्ध्या चड्डीत, शेणाच्या हातांनी मी पडवीत गेलो.

"मीच तो. ही मधली रेघ बघा, हे दोन वेगळे फोटो आहेत."

"रेघ कसली? खांब आहे तो," काका म्हणाले. "आणि हा तो नव्हेच!"

मग गॉगल आणला. शेणाचे हात धुऊन, फुलाफुलांचा शर्ट चढवून, सगळ्यांदेखत मी त्याच खांबावर हात टाकून उभा राहिलो. इतकं ओशाळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मुलाची आई उठली. तिने एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. पदराआड तिचे खांदे हलायला लागले.

"भाऊच आहे, अहो! घ्या पाणी," ती नवऱ्याला म्हणाली आणि आईकडे वळली. "काय सांगू, विहीणबाई, फोटो बघून धसकाच घेतला होता. असला देखणा हाताशी असताना मुलगी आमच्या पोराला कशी पत्करेल? आता जवळून बघितला, मिटली काळजी!"

त्याच बैठकीत सुपारी फुटली. माझं रूप कुणाच्या उपयोगी पडल्याचा तो पहिला आणि आजवरचा शेवटचा प्रसंग.