नानांचं शिसम

वाकडं झाड दिसलं की नाना असं तोंड करायचे, जणू चपलेखाली शेण आलंय. "शी! हाई झाड शे का जिलबी?" म्हणायचे आणि रस्त्याकडेला थुंकायचे. धुळ्यात त्यांची लाकडाची वखार होती. ती मुलाच्या हवाली करून तिथल्याच देवपुरातल्या घरी स्वस्थ बसायचं, तर हे एसटीनं भडगावजवळच्या आमच्या गावी यायचे. ते मूळचे इथलेच. गिरणेकाठी माझ्या मधपेट्या असतात, म्हणून त्यांनी मला धरलं. त्यांना शिसमाचं असं एक झाड हवं होतं, ज्याचं लाकूड सरळ निघेल आणि ज्याच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतील. त्या एका झाडापासून गावच्या पडीक जमिनीवर अख्खं बन उठवायचं, हा त्यांचा म्हातारपणीचा ध्यास.

लोक नेमकं उलटं करतात, हा त्यांचा जन्माचा राग. "सरय झाड तोडी खातस आन् वाकडं बियाले ठेवतस. मंग पुढे बठ्ठं वाकडंच व्हई!" रोपवाटिकावाल्यांवर तर विशेष दात. हात पोचेल त्या बुटक्या झाडाच्या शेंगा ओरबाडून आणतात म्हणून त्यांनी एकदा रोपांचा ट्रे पायानं ढकलून दिला. मला लाज वाटली, पण रोपं खरंच भिकार होती.

आम्ही नदीकाठ पालथा घातला. नाना खोडाला पाठ टेकून वर बघायचे, पहिली फांदी किती उंचीवर फुटते ते न्याहाळायचे. झाड त्यांच्या पसंतीस उतरलं की म्हणायचे, "आते तुन्या माश्यासले इचार, बेटा." मग मी फुलोऱ्याखाली कान देऊन बसायची. बहुतेक झाडं एकात पास, दुसऱ्यात नापास. शेवटी एका चैत्रात मसणवट्यामागचं एक झाड दोन्हींत बसलं. खोड खांबासारखं, आणि वर माश्यांचा असा कल्ला की आम्हाला मोठ्यानं बोलावं लागलं. नाना थुंकले नाहीत. खोडावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

शिसम मुळापासून फुटतं, आणि मुळापासून आलेलं रोप थेट आईवर जातं. पाऊसपाणी झालं की त्या झाडाच्या मुळांचे तुकडे काढून लावायचे, असं ठरलं. तोवर नाना चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत सुटले, "असं लाकूड तालुकाभर नही!" तिथंच घात झाला.

वैशाखात नानांची पंच्याहत्तरी आली आणि गावानं सत्कार ठरवला. शाल झाली, नारळ झाला, मग मंचावर सिंहासनासारखी नक्षीदार खुर्ची आली. नाना बसले. खुर्चीच्या हातावर हात टेकवला तर बोटं चिकटली. त्यांनी बोटांचा वास घेतला. "हाई वल्लं लाकूड कोठलं शे रे?"

सरपंच माईकमध्ये फुलून म्हणाले, "तुमचंच शिसम, नाना! असं लाकूड तालुक्यात नाही, हे तुम्हीच सांगितलं. मग तुमच्यासाठी दुसरं कसं वापरणार?" नक्षीला बुंध्याचं लाकूड हवं, म्हणून जेसीबी लावून झाड मुळासकट उपटलं होतं, मुळं भट्टीत गेली होती. टाळ्या कडाडल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "लाकूड सुकू तरी देनं व्हतं," एवढंच म्हणाले, आणि मंचामागे जाऊन भडभडून ओकले. लोक म्हणाले, ऊन लागलं असेल. मला त्या हारतुऱ्यांची जी किळस आली, ती आजही गेलेली नाही.

खुर्ची टेम्पोनं देवपुरात पोचवली गेली. ओलं लाकूड ते, उन्हाळा संपायच्या आत तडकली. नानांनी ती जिन्याखाली टाकायला लावली आणि पुन्हा आमच्या गावात पाऊल ठेवलं नाही. दुसरं झाड शोधू, म्हणून मी फोन करायची. "आते कोठलं बन, बेटा," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

गेल्या महिन्यात नाना गेले. शोकसभेला मी देवपुरात पोचले, तर समोर तीच खुर्ची. भोळ्या मुलानं तडा पुट्टीनं बुजवून पॉलिश मारलं होतं आणि वर हार घातलेला नानांचा फोटो ठेवला होता. गावाहून जीप भरून आलेले सरपंच उभे राहिले आणि म्हणाले, "नाना आज आपल्या लाडक्या खुर्चीत बसून आपल्याकडे बघताहेत."

मी उठले. फोटो उचलला आणि मांडीवर घेऊन सतरंजीवर बसले. सरपंच क्षणभर घुटमळले. मग हातातला हार त्यांनी रिकाम्या खुर्चीलाच घातला आणि हात जोडले.