आईनं माफ करावं म्हणून

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, भांडणं मात्र मोठ्या गावाला पुरतील एवढी. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, एक पंच होते; रविवारी ते सगळ्यांच्या पुढं बसून डोळे मिटून प्रार्थना करत. एका दुपारी आमची शेळी त्यांच्या कापसात शिरली. शेळी पळाली, आई सापडली. कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांनी तिचा उजवा हात मनगटाजवळ असा मोडला की तो पुन्हा सरळ झालाच नाही.

ठाण्यात जायचं नाही, मंडळीची अब्रू जाईल, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत माझा बापही होता. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती आणि बैल पंचांचे होते. बापानं त्यांना सर्वांच्या आधी माफ केलं.

राहिली आई. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एक भाकर मोडून खायला, बसण्याआधी ज्यांचं वैर आहे त्यांनी समेट करावा, असा पाळकसाहेबांचा कडक नियम. ते हिंगोलीहून सायकलवर येत, आईकडं बघून मान हलवत आणि कुणालाच प्रभुभोजन न देता परत जात. असं दोनदा झाल्यावर सगळी मंडळी चिडली, ती आईवर. हात मोडणारा बाजूलाच राहिला. विहिरीवर बाया म्हणायच्या, "तुह्यापायी समद्यायचं भोजन अडलं. काहून एवढं मन दगड केलंस?" एका रविवारी तर पंचांनीच उभं राहून, आईचं कठीण मन देवानं मऊ करावं म्हणून घळाघळा रडत प्रार्थना केली. लोक गहिवरले. मला त्यांच्या डोक्यात पाट घालावासा वाटला.

पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा आई उठून उभी राहिली. आमच्याकडं गहू कुठला, प्रभुभोजनाला ज्वारीची भाकर असे, आणि ती भाकर आईच करून आणायची.

"माफ करायला मी तयार हाय," ती म्हणाली. "पन ती भाकर आता माह्यानं थापवत न्हाई. ह्या पंचांनी थापावी, माह्या चुलीपाशी बसून."

पंचांचा चेहरा उतरला. बाईमाणसाचं काम! पण नाही म्हणावं तर मंडळी आता त्यांच्यावर चिडणार. पागोटं काढून ते चुलीपुढं बसले आणि सगळे दारात दाटले. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना बोटं भाजली. आई डाव्या हातानं दाखवत होती, उजवा मांडीवर पडला होता. तिसरी थापता थापता पंच थांबले. त्या हाताकडं त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं.

"लई दुखतं व्हय, वैनी?"

इतक्या महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. बापानंसुद्धा नाही.

"व्हय," आई म्हणाली. "थंडीत तर लईच." आणि सगळ्यांसमोर रडली.

"चुकलं माहं," पंच म्हणाले. या वेळी त्यांचे डोळे कोरडे होते.

पाळकसाहेबांनी आपल्या उपदेशाला फळ आलं म्हणून देवाचे आभार मानले. मधे कच्ची राहिलेली ती भाकर सगळ्यांनी मोडून खाल्ली, आईनंही. तिनं त्यांना खरोखर माफ केलं. पुढं ते आजारी पडले तेव्हा पेज घेऊन गेलीसुद्धा. मंडळी अजून ही गोष्ट कौतुकानं सांगते आणि मी मान डोलवावी म्हणून वाट बघते. मी डोलवत नाही. आईची वेणी शेवटपर्यंत मीच घालत होते.