समोरच्या डोंगराची पिसं

नौफल ऊर्फ अबू दीब. वय बासष्ट. वास्तव्य अम्मान. धंदा: गच्चीवर कबुतरं उडवणं. ओळखीची खूण: मान कायम आभाळाकडे. शेरा: परक्यांची कबुतरं फितवून उतरवून घेतो, सबब, रूढीप्रमाणे साक्षीस अपात्र.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. वरील तपशील बरोबर आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी आहे. माझ्या शेजारच्या उम्म नाजीची नात सिरीन शिकलेले शब्द विसरायला लागली, तेव्हा डॉक्टरने रक्तात शिसं असल्याचं सांगितलं. भट्टीवाला म्हणाला, "तुमच्या भिंतींच्या रंगातलं असेल." मग शिसं नेमकं कुठून येतं हे तपासायला विद्यापीठातली रुबा रिकामी पाकिटं घेऊन अबू दीबच्या गच्चीवर आली.

"काका, इथंच वाढलेल्या कबुतरांची पिसं हवीत. पीस वाढताना रक्तातलं शिसं त्यात उतरतं."

"उद्या ये बेटी, भरून ठेवतो."

पण स्वतःच्या पक्ष्यांची पिसं उपटायची म्हणजे थवा महिनाभर अधू. पकडलेलं कबूतर परत जाऊ नये म्हणून त्याच्या पंखांची पिसं उपटतात. तो ढीग कोपऱ्यात आयताच पडला होता. सगळा समोरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या, चांगल्या हवेत वाढलेल्या पक्ष्यांचा. अबू दीबने तोच भरला.

अहवाल आला: शिसं नगण्य. भट्टीवाल्याने तो काचेत बसवून दाराशी टांगला.

उम्म नाजी म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो, अबू दीब. निदान कळलं तरी." आणि तिने भिंती खरवडायला घेतल्या. दोन महिने खरवडत होती. आवाज गच्चीपर्यंत जायचा. अबू दीबने थवा उडवणं बंद केलं.

शेवटी तो मला घेऊन पालिकेत गेला.

"अहवाल चुकलाय. ती पिसं आमच्या गल्लीची नव्हती."

"मग कुठली?" कारकुनाने विचारलं.

"पकडलेल्या पक्ष्यांची."

"म्हणजे चोरीची. काम काय करता?"

"कबुतरं उडवतो."

कारकून शेजारच्या टेबलाकडे वळला. "अरे ऐक, कबुतरवाला खरं बोलायला आलाय! चहा सांग."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन त्याने उम्म नाजीच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. तिच्या हातात खरवडणी होती, केसांत भुकटी.

"माझी पोर शब्द विसरत होती, आणि तू पिसं वाचवत होतास?"

तिने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रुबासमोर त्याने स्वतःच्या बाराही कबुतरांची पिसं उपटली. त्यांत शिसं पहिल्या पाकिटांतल्या पिसांच्या नऊपट निघालं.