विवेचक उणे तेवीस

मी दहावीत होते तेव्हा पाचोऱ्यात आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिच्या वडिलांची दीपनगरहून लांब कुठेतरी बदली झाली होती, म्हणून तिला मामाकडे ठेवलं होतं. तोवर वर्गात गणितात पहिली मी होते. वर्गसमीकरण दिसलं की मी मनातल्या मनात अवयव पाडायची, आणि सर 'बरोबर' म्हणायचे.

त्या दिवशी सरांनी मला फळ्यावर बोलावलं. एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक अठरा. मी नऊ आणि उणे दोन लिहिलं. सर म्हणाले, "बेरीज सात आली, पण गुणाकार?" उणे अठरा. पुसलं. सहा आणि तीन, पुसलं. माझे कान तापले. मागून नव्या मुलीचा आवाज आला, "सर, याचे अवयव पडणारच नाहीत. विवेचक उणे तेवीस येतो."

तो भाग सरांनी अजून शिकवला नव्हता. त्यांनी खडू माझ्या हातातून घेऊन तिला दिला. तिने सातचा वर्ग केला, एकोणपन्नास. त्यातून चार गुणिले एक गुणिले अठरा, म्हणजे बहात्तर वजा केले. "उत्तर ऋण आलं की वास्तव मुळं नसतात. शून्य आलं तर दोन्ही मुळं सारखी. धन आलं तरच दोन वेगळी मुळं. आधी हे बघितलं की उगाच धडपड होत नाही."

सर म्हणाले, "शाब्बास!" दोन वर्षांत मला कधी शाब्बास म्हटलं नव्हतं त्यांनी.

घरीही तेच. आई भाकरी थापताना म्हणाली, "ती नवी पोर भलती हुशार शे म्हने." मी ताट सरकवून उठले.

पंधरा दिवसांनी चाचणी झाली. सरांनी वह्या बदलून तपासायला लावल्या आणि तिची वही माझ्याकडे आली. सगळी गणितं बरोबर होती. एका ठिकाणी छत्तीस वजा सोळा, उत्तर वीस, मुळे वास्तव व असमान. मी त्या वजावर एक उभी रेघ ओढली. वजाचं अधिक झालं. समासात 'चिन्ह चुकले' लिहून दोन गुण कापले. तिला दहापैकी आठ, मला नऊ. सर तिला म्हणाले, "चिन्हं सांभाळ गं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मधल्या सुट्टीत ती नळापाशी आली. वही उघडून म्हणाली, "माझी शाई काळी आहे. ही उभी रेघ निळी आहे."

"मग सांग ना सरांना."

"कशाला? आठ तर आठ. मला येतं की नाही, ते तुला माहीत आहे."

ती तक्रार करती, भांडती, रडती, तर बरं झालं असतं. तिने वही मिटली आणि पाणी प्यायली. त्या दिवसापासून मला तिचा आणखीनच राग येऊ लागला. आपण हिच्याएवढे हुशार नाही, हे कसंबसं गिळलं होतं. आता हिच्याएवढे चांगलेही नाही, हे कसं गिळायचं? माफी मागायला चार वेळा तिच्या बाकापर्यंत गेले आणि चारही वेळा पट्टी मागून परत आले. तिने दरवेळी पट्टी दिली.

बोर्डाचा निकाल लागला. गणितात तिला माझ्यापेक्षा सहा गुण जास्त पडले. ती आईवडिलांकडे जायला निघाली त्या दिवशी आईने मला पेढे घेऊन तिच्या मामाकडे पाठवलं. ती ट्रंकेत पुस्तकं भरत होती. तिने विचारलं, "तुला गणितात किती पडले?"

मी दोन वाढवून सांगितले.

ती म्हणाली, "छान," आणि एक पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.