अजोआची नदी

शिवपुत्र नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसतो. उभं आयुष्य घड्या मोडण्यात आणि पुन्हा घालण्यात गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, "काठ हाच, पण रंग जरा वेगळा," की याच्या तोंडून आपसूक निघतं, "दाखवतो की, ताई!" समोरच्याचं मन मोडायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक. भला माणूस, पण भलेपणा कुठं आवरावा हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

अशा माणसानं कादंबरी लिहिली, तीही पश्चिम आफ्रिकेतल्या देवदेवतांवर, म्हटल्यावर पेठेतल्या रिकामटेकड्यांना विषयच मिळाला. झालं असं, की घानाहून फार्मसी शिकायला आलेला एक तरुण त्याच्या माडीवर भाड्यानं राहायचा. गच्चीत बसून मोडक्यातोडक्या हिंदीत तो आजीच्या गोष्टी सांगायचा. बोलणारे ढोल, लोखंडाचा रागीट देव, माणसं पोटात घेणारी नदी. तिकडं सोमवारी जन्मलेल्या मुलीला अजोआ म्हणतात हे ऐकलं आणि शिवपुत्र खुळावलाच. महादेवाच्या वारी जन्मलेली पोर म्हणजे आपलीच की! तरुण मायदेशी गेला, पुढं त्याचा फोनही लागेना. अजोआ मात्र इथंच राहिली.

ती मेलेल्या आईला परत मागायला नदीच्या तळाशी उतरते, ही कादंबरी. शिवपुत्र दुकानातून आला की मोबाइलवर अंगठ्यानं लिहायचा आणि बायकोला, पार्वतम्माला, वाचून दाखवायचा. लेकी लग्न होऊन गेल्या तेव्हा कुठं ती पुरी झाली. छापील पुस्तक एकदा हातात घ्यायचं, याखेरीज त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यानं पहिली तीन प्रकरणं पाठवली. प्रकाशक फोनवर म्हणाले, "काका, झकास! पण नावं जिभेवर बसत नाहीत. आपल्याकडची करा ना."

"करतो की, साहेब!"

अजोआची सोमा झाली. मग देव परके वाटायला लागले, म्हणून लोखंडाच्या देवाचा बिरोबा झाला. नदीची भीमा झाली. पुढं प्रकाशकांना वाटलं, मेलेली आई फार उदास करते. शिवपुत्रानं तिलाही उठवून बसवलं. प्रत्येक वेळी आधीचं पुसायचं आणि त्याच जागी नवं लिहायचं. जुनं वेगळं ठेवावं हे या शहाण्याला एकदाही सुचलं नाही.

"अहो," पार्वतम्मा म्हणाली, "आई जित्ती हाय तर पोरगी पाण्यात कशाला उतरती?"

"प्रकाशकांना पाहिजे तसं," तो म्हणाला.

लग्नसराईत, गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असताना, पुण्याहून फोन आला. "काका, हे असलं कुणीही लिहील. वाचकांना आता दूरदेशीच्याच गोष्टी हव्यात. तुमची ती आधीची अजोआच छापू. तीन प्रकरणं माझ्याकडं आहेत, पुढचं तेवढं पाठवा."

"पाठवतो की!" शिवपुत्र बोलून गेला, आणि मग त्याला आठवलं, पुढचं सगळं तर आपणच पुसून बसलोय.

तेव्हापासून तो रोज आठवायला बसतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी अजोआ कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे. तिला पुढं न्यावं तर काठावर भीमेचे घाट दिसायला लागतात, ढोल बिरोबाचे वाजतात आणि मागं वळून बघते ती सोमा. स्वतःच्या हातानं मारलेली पोर अशी हाक मारून येत नसते. पुण्याचे फोनही हल्ली येत नाहीत.

परवा त्यानं न राहवून पार्वतम्माला विचारलं, "तळाशी तिची आई भेटते, तेव्हा ती लेकीला काय म्हणते गं? तू ऐकलंयस की सगळं."

पार्वतम्मानं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"शब्द न्हाय आठवत ओ," ती म्हणाली. "मी लई रडले होते, येवढंच ध्यानात हाय."