पगारवाल्या काकूंचा फोन

आमच्या पगारवाल्या काकूंनी स्वतःहून आधी फोन ठेवलेला सिन्नरच्या त्या कारखान्यात कुणी पाहिला नव्हता. समोरचा 'ठेवतो' म्हणाला, की त्या विचारत, "आणखी काही राहिलं नाही ना?" आणि हमखास काहीतरी राहिलेलं निघे. मी शेजारच्या टेबलावर नवी होते. मला हा चिवटपणा आधी गमतीचा वाटला, मग डोकेदुखीचा.

पगाराची पावती घेऊन कुणी तणतणत आला, की त्या त्याला बसवून एकच विचारत, "वर्ष बघितलं का?" टॅक्स महिन्यावर नसतो, वर्षाच्या कमाईवर असतो, कंपनी अंदाज बांधून तो आधीच कापत जाते, हे त्यांचं अख्ख्या कारखान्याला समजावून झालं होतं. तरी दिवाळीच्या बोनसनंतर 'सरकारनं खाल्ला' ही ओरड ठरलेली. बोनसऐवजी मिठाईचा डबा द्या म्हणणारेही होते.

त्या दिवाळीला लेथवरचा रामदास मात्र ओरडला नाही. बोनसमधून मुलीची नर्सिंगची फी भरायची होती आणि बोनसचा मोठा लचकाच तुटला होता. "पोरीला सांगतो, औंदा नाय जमायचं," एवढंच तो बोलला.

काकूंनी त्याचं वर्ष मांडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. नव्या सॉफ्टवेअरने एकदाच मिळणारा बोनस दर महिन्याला मिळणार असं धरलं होतं. त्या हिशेबाने रामदास मोठा साहेब झाला होता. खरं तर त्याला वर्षभरात टॅक्स लागतच नव्हता.

काकूंनी पुण्याच्या मुख्य कचेरीत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, त्याला रिटर्न भरू द्या, पैसे परत येतील. त्यांचंही चुकीचं नव्हतं.

"येतील हो, पण पुढच्या वर्षी. फीची मुदत शुक्रवारी संपतेय," काकू म्हणाल्या. "कापलेला टॅक्स तुम्ही अजून सरकारकडे भरलेला नाही. दुरुस्त करा, मी फोनवरच आहे."

आणि खरंच राहिल्या. फोन स्पीकरवर टाकून डबा खाल्ला, मला ठेचा वाढला, लोकांच्या रजा लावल्या. साहेब मधूनच विचारत, "आहात का अजून?"

"आहे की."

संध्याकाळच्या चहापर्यंत दुरुस्ती झाली, रामदासचीच नव्हे, सगळ्यांची. गुरुवारी पैसे खात्यात आले आणि लेथवर शिट्ट्या वाजल्या. काकूंचा मला इतका अभिमान वाटला, की त्या दिवशी मीच सगळ्यांना चहा पाजला.

रामदासची मुलगी आता नाशकात नर्स आहे. काकू निवृत्त होऊन पंचवटीत असतात, त्यांच्या खुर्चीवर मी बसते. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, "कुणाचा जास्त कापला का गं?" यंदा मी सांगितलं, दोघांचा जास्त कापला होता, पण साहेबांना दुपारभर फोनवर धरून ठेवलं आणि दुरुस्त करून घेतला.

काकू खळखळून हसल्या. आता नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी थांबून राहिले.

"मग काही राहिलं नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.